ओलोमोऊत्स : पहिल्या नेत्ररोपणाचे गाव

मुलगी चेक प्रजासत्ताकातील ब्रनो या शहरात शिकते. गेल्या सप्टेंबरात दवाखान्याला दोन आठवड्यांची सुट्टी देऊन मी तिच्याकडे गेलो. घरी आईजवळ कोणीतरी हवे, म्हणून पत्नी मागे राहिली. आईच्या डोळ्यात रोज घालावयाचा थेंब चुकता कामा नये, ही आमच्या घरातली पहिली आज्ञा आहे. ती पाळणारा माणूस घरात असल्याखेरीज आमच्यापैकी कोणी गावाची वेस ओलांडत नाही.

पहिल्या दिवशी मुलीने मेंडेलचा मठ दाखवला. वाटाण्याच्या वेलींवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा हा धर्मगुरू तरुणपणी ओलोमोऊत्सला शिकत होता, असे तिथल्या मार्गदर्शकाने सांगितले आणि मला निमित्त मिळाले. मुलगी प्रागची तिकिटे पाहत होती. मी म्हणालो, ‘‘त्याआधी ओलोमोऊत्सला जाऊ.’’

‘‘तिथे काय आहे, बाबा?’’

‘‘तुझ्या आजीच्या डोळ्याचे मूळ गाव आहे.’’

ती हसली. मी थट्टा करत नव्हतो.

ब्रनोहून आगगाडीने साधारण दीड तासाचा प्रवास. दोन्ही बाजूंना कापणी झालेली सपाट शेते, मधूनच सूर्यफुलांची वाळलेली मान टाकलेली रांग. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकांत हे गाव ‘ओल्म्युत्स’ या जर्मन नावाने येते, कारण १९०५ साली हा सारा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. विद्यार्थिदशेत मी ते नाव नकाशात शोधले होते आणि न सापडल्यामुळे सोडून दिले होते. तीस-पस्तीस वर्षांनी ते आईमुळे पुन्हा समोर आले.

आईला सकाळी धुरकट दिसू लागले ते २०२१ साली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षे लोटली होती. ती म्हणे, ‘‘सकाळी समईभोवती इंद्रधनुष्य दिसते रे. अकरा वाजता तांदूळ निवडायला घेतले की मात्र स्वच्छ.’’ मी घरचा डॉक्टर. चष्म्याचा नंबर बदलला असेल, वयाचे असेल, असे म्हणत मी सहा-सात महिने घालवले. खरे तर तिचे ते एक वाक्य म्हणजेच निदान होते. आपल्या घरातले वडीलधारे माणूस ‘सकाळी धूसर आणि दुपारी बरे’ असे सांगू लागले, तर ते चष्म्याच्या दुकानातले काम समजू नये. नेत्रतज्ज्ञाकडे पारपटल तपासून घ्यावे.

पारपटल म्हणजे कॉर्निया. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखे बसलेले पारदर्शक आवरण. त्याची मधली जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. शरीराच्या इतर भागांप्रमाणे त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या, तर त्यातून पलीकडचे दिसलेच नसते. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो पारपटलात झिरपणारे पाणी अखंड बाहेर उपसत असतो. या पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. काहींच्या डोळ्यांत त्या लवकर झडतात. रात्रभर पापणी मिटलेली, बाष्पीभवन थांबलेले, पाणी साचलेले. म्हणून सकाळ धुक्याची. दिवस वर आला, पाणी उडाले की दृष्टी निवळते. व्हिएन्नाचे अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काही डोळ्यांत हा थर असाच थकतो.

ओलोमोऊत्सच्या स्थानकावरून ट्रामने जुन्या गावात आलो. चौकात पवित्र त्रयीचा स्तंभ उभा आहे. सुमारे ३५ मीटर उंच, माथ्यावर सोनेरी मूर्ती. १७१६ साली सुरू झालेले हे काम १७५४ साली संपले. जवळच नगरभवनाच्या भिंतीत खगोलीय घड्याळ आहे. मूळ घड्याळ मे १९४५ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याच्या तोफांनी मोडले. नव्या राजवटीने ते पुन्हा बांधले तेव्हा संतांच्या जागी कामगार आणि शास्त्रज्ञ बसवले. मुलीला ते विद्रूप वाटले. मला ते आवडले. परीक्षानळी हाती धरलेल्या माणसाला कोनाड्यात बसवणारे गाव वाईट नसावे.

तिथून चालत सेंट वेन्सेस्लसच्या कॅथेड्रलकडे गेलो. १७६७ च्या शरद ऋतूत व्हिएन्नात देवीची साथ पसरली, तेव्हा एक बाप आपल्या मुलांना घेऊन तिथून निघाला आणि या गावी येऊन थांबला. साथीने त्यांना इथे गाठलेच. अकरा वर्षांच्या मुलाला देवी आल्या आणि नऊ दिवस त्याला काही दिसत नव्हते, असे त्याच्या बहिणीने पुढे लिहून ठेवले आहे. कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूंनी त्या कुटुंबाला आपल्या घरी ठेवून घेतले. मुलगा वाचला, डोळेही वाचले. त्याचे नाव मोझार्ट.

देवीने किती डोळे नेले हे आपल्या पिढीला नव्याने सांगावे लागते. ज्येष्ठ वाचकांना मात्र गावोगावची ती माणसे आठवत असतील : चेहऱ्यावर वण आणि डोळ्यात पडलेले पांढरे फूल. भारतातली देवीची शेवटची साथ १९७५ साली संपली. फुले पडायची थांबली नाहीत, कारणे बदलली. माझ्या दवाखान्यात ती उसाच्या पात्याने येतात, भाताच्या कोंड्याने येतात. डोळ्याला पाते लागते, त्यातून बुरशी शिरते, आणि रुग्ण औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने लाली घालवणारे थेंब आणतो. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. लाली जाते, बुरशी माजते. आठ दिवसांनी तो माझ्याकडे येतो तेव्हा बुबुळावर टिकलीएवढा पांढरा डाग असतो आणि मला पुण्याला पाठवण्याखेरीज काही उरत नाही.

ज्या माणसामुळे मी या गावी आलो तो मात्र देवीचा नव्हता, पात्याचाही नव्हता. तो चुन्याचा होता.

अलोइस ग्लोगार हा पंचेचाळीस वर्षांचा मजूर. चुन्याचे काम करताना तो दोन्ही डोळ्यांत उडाला आणि दोन्ही पारपटले भाजून दुधाळ झाली. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता आणि तो डोळा वाचवणे शक्य नव्हते. काढावाच लागणार होता. मात्र डोळ्याचे पारपटल निर्मळ होते. ओलोमोऊत्सच्या रुग्णालयाचे नेत्रविभागप्रमुख डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी त्या मुलाच्या पारपटलातून पाच मिलिमीटरच्या चकत्या कापून ग्लोगारच्या डोळ्यांत बसवल्या. एका डोळ्यातले रोपण बिघडले. दुसऱ्यातले स्वच्छ राहिले. ग्लोगार पुन्हा दिसू लागला म्हणून शेतकामाला गेला. माणसाच्या पारपटलाचे संपूर्ण जाडीचे यशस्वी रोपण ते हे पहिले.

अकरा वर्षांचा मोझार्ट आणि अकरा वर्षांचा हा मुलगा, एकाच गावात, दोघांच्याही डोळ्यांवर आलेले. हे मी मुलीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्सिर्म यांच्याआधी शे-सव्वाशे वर्षे अनेकांनी हा प्रयत्न केला होता. बहुतेकांनी प्राण्यांची पारपटले वापरली आणि ती सारी पांढरी पडली. माणसाला माणसाचेच पारपटल हवे, ते तरुण व निरोगी हवे, शस्त्रक्रिया निर्जंतुक हवी, चकती कोरडी पडू देऊ नये, असे नियम त्यांनी १९०६ साली लिहून प्रसिद्ध केले. चकती कापण्यासाठी त्यांच्याकडे फोन हिप्पेल यांनी बनवलेले, किल्लीवर फिरणारे गोल पाते होते. ती टिकवून धरण्यासाठी वरून आडवे दोरे ताणले. आजचे केसाहून बारीक नायलॉनचे टाके तेव्हा कुठून असणार?

आणि एक गोष्ट मला वैद्य म्हणून अचंबित करते. चुन्याने भाजलेला डोळा हा रोपणासाठी सर्वांत प्रतिकूल डोळा. पारपटलाच्या कडेला, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, वरच्या आवरणाला जन्म देणाऱ्या मूळ पेशी असतात. चुना त्याच जाळतो. मग बाजूने रक्तवाहिन्या आत शिरतात आणि नवे पारपटल टिकत नाही. आज अशा रुग्णाचा दुसरा डोळा चांगला असेल, तर त्यातल्या थोड्या मूळ पेशी घेऊन आधी त्या रुजवतात. त्याची सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून २०१२ साली जगापुढे आली. त्सिर्म यांच्या हाती यांतले काहीही नव्हते. तरीही तो डोळा टिकला.

चुन्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो आपल्या घरात आहे. आजोबांच्या तंबाखूच्या चंचीत आहे, आजीच्या पानाच्या डब्यात आहे. नातवंडे चुन्याची ट्यूब वा पुडी खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. दोन वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात असे साडेचार वर्षांचे पोर आले. घरच्यांनी डोळ्यात तूप घातले होते, म्हणजे मोलाची वीस मिनिटे गेली होती. आम्लापेक्षा चुना वाईट, कारण तो पेशींतल्या स्निग्धाचा साबण करीत आत आत जातो. अशा वेळी दूध, तूप, मध, गुलाबपाणी काही नको. जिथे असाल तिथेच नळाखाली, तांब्याने, जमेल तसे स्वच्छ पाणी धरावे. पापण्या उघडून किमान अर्धा तास. पापणीखाली चुन्याचा कण अडकला असेल, तर ओल्या कापडाच्या टोकाने काढावा. मगच रुग्णालयात न्यावे. त्या मुलाचा डोळा वाचला, पण थोडा डाग राहिला. आजोबांनी तंबाखू सोडली. त्यांना मी काही म्हणालो नव्हतो.

दुपारी आम्ही रुग्णालयाकडे गेलो. ते जुन्या गावाबाहेर, किंचित उंचावर आहे. आता विद्यापीठाचे मोठे रुग्णालय. मी आत गेलो नाही. रुग्णालय हे पर्यटकाने हिंडण्याचे ठिकाण नव्हे. फाटकासमोरच्या बाकावर बसलो. एक म्हातारे गृहस्थ एका डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार टोपी लावून, बायकोच्या दंडाला धरून बाहेर आले. दोघेही पायरीशी थांबले. तिने आधी पाय टेकवला, मग त्यांनी. आमच्याकडेही अगदी असेच चालले होते.

आईच्या डोळ्यात जे केले, त्याला शल्यवैद्य ‘डीसेक’ म्हणतात. तिच्या पारपटलाचा बाहेरचा भाग चांगला होता, आतला पाणी उपसणारा थर तेवढा गेला होता. तेव्हा सारे पारपटल बदलायचे कशाला? बारीक छेदातून खराब थर सोलून काढतात आणि दात्याच्या पारपटलाची आतली पातळ चकती घडी करून आत सरकवतात. ती टाक्यांनी नव्हे, हवेच्या बुडबुड्याने जागी दाबून धरतात. त्याहून पातळ, जवळजवळ नुसता पापुद्राच बसवण्याची पद्धत म्हणजे ‘डीमेक’. या दोन्हींच्या मुळाशी डच शल्यवैद्य खेरित मेलेस यांचे काम आहे. याउलट ज्यांचा आतला थर चांगला पण वरचा भाग डागाळलेला किंवा शंकूसारखा वाकलेला असतो, त्यांचा आतला थर तसाच ठेवून वरचा बदलतात. आरपार खराबी असेल, तर आजही त्सिर्म यांचाच मार्ग : पूर्ण जाडीची चकती, भोवती बहुधा सोळा टाके, आणि ते वर्ष-दीड वर्षात हळूहळू काढायचे.

बुडबुडा वर तरंगतो, म्हणून रुग्णाने छताकडे तोंड करून उताणे पडायचे असते. ही शस्त्रक्रिया अर्धी शल्यवैद्याची आणि अर्धी घरच्यांची. आईला पाठदुखी. गुडघ्याखाली उशी दिली, सारखी लघवीला उठू नये म्हणून बेडपॅन आणले. तिला ते अपमानास्पद वाटले आणि ती दोनदा रडली. नातसुनेचा फोन आला तरी मान वळवायची नाही, असा पहारा पत्नीने दोन दिवस दिला. तिसऱ्या दिवशी तपासणीत चकती घट्ट बसलेली दिसली. त्यानंतर डोळा चोळायचा नाही, थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. हे थेंब परक्या पेशींना शरीराने नाकारू नये म्हणून असतात. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून दाबाची तपासणीही नियमित. रोपणानंतर पाच वर्षांनीसुद्धा डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, दिसणे मंदावले किंवा दुखू लागले, तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी दाखवले, तर बरेचदा रोपण वाचते.

पट्टी निघाल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, ‘‘हे कुणाचे रे?’’

‘‘सांगत नाहीत, आई. नेत्रपेढीचा तसा नियम असतो.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘ह्यांचे राहून गेले.’’

अण्णा २००९ साली पहाटे दोन वाजता गेले. जेवताना ते दोन-तीनदा म्हणाले होते, माझे डोळे द्या म्हणून. कागदावर काही नव्हते, पण त्याने काही बिघडत नाही. मृत व्यक्तीने अर्ज भरलेला असो वा नसो, निर्णय जवळच्या वारसांच्या हाती असतो. मी त्यांच्या उशाशी होतो. मी डॉक्टर होतो. सहा तासांच्या आत पारपटले घ्यावी लागतात, हे मला कोणी सांगायला नको होते. पण घर माणसांनी भरले. एक वयस्क आत्या म्हणाल्या, पुढच्या जन्मी आंधळा होऊन यायचा का माझा भाऊ? मी आईकडे पाहिले, तिने पदर तोंडाला लावला होता, आणि मला वाटले की आत्ता नको, जरा वेळाने बोलू. मुंबईचे बंधू यायची वाट पाहत नऊ वाजले. वर पंखा फिरत होता, अण्णांचे डोळे अर्धवट उघडे होते. कोणी विरोध केला असता, तर मी भांडलो असतो. कोणी विरोध केला नाही. मीच विचारले नाही.

पुढे शेजारपाजारच्या अशा पहाटे मी हे काम पुष्कळदा केले. पापण्या मिटवाव्या, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी घालावी, पंखा बंद करावा. वातानुकूलन यंत्र असेल, तर चालू ठेवावे. नेत्रपेढीला फोन करावा. ते लोक घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत काम करतात, पैसे घेत नाहीत आणि चेहरा विद्रूप दिसत नाही. वय आड येत नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांनीही अडत नाही. एड्स, ब व क प्रकारची कावीळ, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असताना मात्र घेत नाहीत. ‘जरा वेळाने विचारू’ असे म्हणणारा एखादा माणूस प्रत्येक घरात असतो, आणि बहुधा तोच सर्वांत शिकलेला असतो.

मृत व्यक्तीचे पारपटल चालते, हे त्सिर्म यांच्या काळी ठाऊक नव्हते. ते पटवून दिले ओदेसाच्या डॉ. व्लादिमीर फिलातोव्ह यांनी, १९३०च्या दशकात. तोवर एकाला दिसावे म्हणून दुसऱ्या जिवंत माणसाचा डोळा कामातून गेलेला असावा लागे. आपल्याकडे पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली.

बाकावर बसूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. इथे तीन वाजले होते, तिकडे साडेसहा, दिवेलागण. पत्नीने फोन देवघराकडे नेला. आईला मी रुग्णालयाची इमारत दाखवली, मग ग्लोगारची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली.

‘‘अकरा वर्षांचा?’’

‘‘हो.’’

‘‘त्याच्या आईला काय वाटले असेल रे?’’

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी विषय बदलला, ‘‘थेंब घातला का आज?’’

‘‘घातला. आणि ते ऐक, तू नेत्रपेढीच्या नंबरची चिठ्ठी देव्हाऱ्यामागे ठेवली होतीस ना, ती मी काढून फ्रिजवर लावली. घाईच्या वेळी देवामागे कोण बघणार?’’

‘‘बरे केलेस.’’

‘‘मोठ्या अक्षरात लिही पुढच्या वेळी. मला दिसते, पण तुझ्या बायकोला चष्मा शोधावा लागला.’’ मागे समई लागलेली होती. तिने वात सारली आणि फोन सुनेच्या हाती दिला.